मदत हवी आहे: आपल्या खरेदीतून कंपन्या जे दान करतात, ते खरंच पोचतं का?

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं मी एकाच कंपनीचा साबण घेते आहे. वेष्टणावर छापलेलं असतं, 'तुमच्या प्रत्येक खरेदीतून मुलींच्या शिक्षणाला हातभार'. साधा साबण बराच स्वस्त मिळतो, पण वरचे पैसे कुणाच्या तरी वह्या-पुस्तकांना जात असतील म्हणून कधी कुरकुर केली नाही. बहिणीलाही तोच घ्यायला लावला.

गेल्या आठवड्यात मागची बारीक अक्षरं पहिल्यांदाच नीट वाचली. 'ठरावीक मर्यादेपर्यंत' एवढंच. मर्यादा किती, पैसे कुठल्या संस्थेला, काहीच नाही. कंपनीला मेल केला, तर आभाराचं गोड उत्तर आलं, त्यात आकडा एकही नव्हता. फार वाईट वाटलं. मर्यादा आधीच गाठली गेली असेल, तर त्यानंतरच्या माझ्या साबणांतून कुणालाच काही मिळालं नाही, असंच ना?

मग थोडं वाचलं. १९८३ साली अमेरिकन एक्स्प्रेसने कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीला दिला. सुमारे १७ लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापरही वाढला. त्यात मला वावगं दिसत नाही, पुतळ्याचं काम झालंच. अस्वस्थ केलं ते टॉम्स या बुटांच्या कंपनीने. २००६ पासून विकलेल्या प्रत्येक जोडामागे ते एका गरजू मुलाला बूट देत. कंपनीनेच सांगितल्यावरून संशोधकांनी एल साल्वाडोरमध्ये अभ्यास केला, तर मुलं बूट आवडीने घालत होती, पण तब्येतीत किंवा आत्मविश्वासात फारसा फरक नव्हता. उलट 'आमच्या गरजा दुसऱ्यांनी भागवाव्यात' असं वाटणं थोडं वाढलं होतं. २०१९ मध्ये कंपनीने ती पद्धत सोडली.

म्हणजे पैसे पोचले तरी उपयोग होईलच असं नाही. मी हा साबण घेत राहू, की स्वस्त घेऊन उरलेले पैसे थेट संस्थेला देऊ? आणि कंपनी खरी की नुसती जाहिरात, हे ओळखायचं कसं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
ताई, मी एका छोट्या संस्थेचे हिशेब बघतो. आधी हे पाहा की टक्का विक्रीचा आहे की नफ्याचा. नफा कागदावर शून्यही दाखवता येतो, विक्री लपत नाही. पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी १९८५ पासून विक्रीचा एक टक्का पर्यावरणासाठी देते, तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे.

दुसरं, बऱ्याच करारांत रक्कम आधीच ठरलेली असते. कंपनी तेवढी देणारच, तुम्ही साबण घ्या वा न घ्या. मग तुमच्या खरेदीने दानात भर पडत नाही, फक्त कंपनीची विक्री वाढते. हे वेष्टणावरून कळत नाही, विचारावंच लागतं.

सगळंच फोल आहे असं मात्र म्हणू नका. 'रेड' उपक्रमात बऱ्याच कंपन्या ठरावीक वस्तूंच्या विक्रीतला वाटा देतात, त्यातून एड्सशी लढणाऱ्या ग्लोबल फंडाला ७० कोटी डॉलरहून जास्त मिळाले आहेत. तिथे पैसा एका ठिकाणी जातो. ॲमेझॉनच्या 'स्माइल' योजनेत खरेदीचा अर्धा टक्का लाखो संस्थांत वाटला जाई, एकेकीच्या वाट्याला फारच थोडं येई. २०२३ मध्ये त्यांनी ते बंद केलं.

आमच्या अनुभवात थेट आलेली छोटी, पण दर महिन्याची देणगी जास्त कामाची. कर्मचाऱ्यांचा पुढच्या महिन्याचा पगार त्यावर ठरवता येतो.

धागाकर्ती
मनापासून आभार. दर महिन्याचं गणित माझ्या लक्षातच आलं नव्हतं, या महिन्यापासून तसंच सुरू करते. साबण सोडण्याआधी त्या संस्थेलाच विचारावं म्हणते, पैसे खरंच येतात का म्हणून. पण वेष्टणावर संस्थेचं नावच नाही. ते कंपनीकडून काढून घ्यायचा काही मार्ग आहे का?