साडेपंचवीस किलोचा साडेदहा

सोसायटी ग्रुप, सकाळी ७:४८ पासून

बी-४०१ वहिनी: सुप्रभात 🙏 राग नाही, सहज विचारते. काल हळदीकुंकवाला आम्ही खाली उतरेपर्यंत हलव्याचं पातेलं खरवडून झालं होतं. आमच्या सासूबाई वाटी घेऊन बसून राहिल्या. वर्गणी मात्र सगळ्यात आधी आमच्याकडून गेली.

ए-१०४ काकू: माझं लोखंडी उलथनं कोणाकडे राहिलंय का? लाकडी मुठीचं.

खजिनदार: हिशोब देतो. गाजर १२ किलो, दूध १० लिटर, साखर अडीच किलो, तूप १ किलो. बेरीज साडेपंचवीस. काट्यावर हलवा भरला साडेदहा. पंधरा किलो गेला कुठे? मी कुणावर आरोप करत नाही.

ए-१०२ काकू: आरोप नाही तर काय ओ भाऊजी? आटला तो! आम्ही चौघी दुपारी एकपासून किसत होतो, हात कोपरापर्यंत लाल. मधला पिवळा दांडा काढला, साली काढल्या, तिथंच दीड किलो गेलं.

बी-२०२ दादा: खजिनदार साहेब, गाजरात १०० ग्रॅमला ८८ ग्रॅम पाणी असतं. दुधातही ८७ च्या आसपास. तेच उडालं.

सी-३०१ अण्णा: अरे वा! नळाला चार दिवसाआड येतं ते पाणी गाजरात हाय की 😂

ए-३०३ काका: टँकरऐवजी गाजरं मागवा मग.

ए-१०४ काकू: उलथनं सासूबाईंचं आहे, म्हणून परत विचारते.

बी-३०२ अक्का: एक बोलू का? साखर लवकर पडली. दूध पूर्ण आटू द्यायचं, किस शिजू द्यायचा, मग साखर. आधी घातली की गाजर चामट राहतं. साखर घातली की परत पाणी सुटतं, ते वेगळं आटवायला लागतं.

ए-१०२ काकू: अक्का, काल कढईपाशी होता का तुम्ही? गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात होता 🙂 उलथनं मारून मारून खांदा गेला माझा. दूध बुडाला लागतं, एक मिनिट हात थांबवून चालत नाही.

बी-३०२ अक्का: नातवाला घेऊन गेले होते. वर्षातून एकदा असते यात्रा.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक होऊ नये 🙏 लक्ष्मी मंडईतून लाल गाजरं पहाटे जाऊन आणणाऱ्या मंडळींचे आभार. मागच्या वर्षी केशरी गाजरं होती, हलवा डाळीच्या पिठल्यासारखा दिसत होता.

ए-३०३ काका: मागच्या वर्षी गाजरं मीच आणली होती.

सी-३०१ अण्णा: 🤐

सेक्रेटरी: रंगाबद्दल बोललो काका, चव उत्तमच होती.

खजिनदार: विषय भरकटतोय. माणसं १३०, हलवा साडेदहा किलो. माणशी ८० ग्रॅम येतो. म्हणजे सगळ्यांना पुरायला हवा होता. डबे कोणी भरून नेले?

बी-२०२ दादा: ए विंगला वाटीत वाढला, बी ला चमच्यात. मी बघितलंय.

ए-३०३ काका: हे मात्र ऐकून घेणार नाही. पार्किंगच्या वेळीही हेच.

बी-२०२ दादा: पार्किंग काढलंच आहे तर बोलूच.

ए-१०४ काकू: उलथनं???

ए-१०२ काकू: बी-४०१ वहिनी, वाद नको. सासूबाईंसाठी एक वाटी बाजूला काढली होती, मुलाला पाठवते.

बी-४०१ वहिनी: नको काकू, राहू दे. शुगर आहे त्यांना.

सी-३०१ अण्णा: 😶

ए-३०३ काका: मग सकाळपासून...

बी-४०१ वहिनी: प्रश्न हलव्याचा नाही काका, विचारण्याचा आहे.

खजिनदार: रथसप्तमीच्या कार्यक्रमाला रेवड्याच आणू. मोजून.

सी-२०१ वहिनी: पाणी आलंय!! मोटार लावा लवकर

ए-१०२ काकू: आले

सी-३०१ अण्णा: बी विंगचा व्हॉल्व्ह कोण फिरवतंय?

बी-२०२ दादा: मी उतरलो

ए-१०४ काकू: खाली गेलाच आहात तर मोठ्या कढईत उलथनं दिसतंय का बघा ना.