इंग्लिश ॲडजेक्टिव्ह मुलांना नीट कसं समजावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीला घरी सातवी-आठवीच्या सेमी इंग्लिशवाल्या मुलांची शिकवणी घेते, सध्या ॲडजेक्टिव्हवर, म्हणजे विशेषणावर, गाडी अडलीये. नामाआधी आलं, 'अ हॅपी चाइल्ड', की पोरांना पटकन कळतं, आणि लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलत नाही, 'गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉईज', म्हणून तर ती खूशच असतात. पण 'शी लुक्स हॅपी' आलं की निम्मी पोरं 'हॅपिली' लिहितात, कारण क्रियापदानंतर ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण) हे डोक्यात पक्कं बसलंय. लुक, सीम, फील, टेस्ट इथे लिंकिंग व्हर्ब आहेत, पुढचा शब्द कर्त्याबद्दल सांगतो, त्यांच्या जागी 'इज' टाकून बघा असं मी सांगते, पण मग 'शी लुक्ड ॲट मी अँग्रिली' दिलं की परत गोंधळ, कारण लुक तोच ना!

त्यात एका मुलीने विचारलं, 'द बेबी इज अस्लीप' चालतं मग 'ॲन अस्लीप बेबी' का नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. अस्लीप, अलाइव्ह हे मुळात जुन्या इंग्लिशमधल्या 'ऑन' लावून केलेल्या रचनेतून आलेत, म्हणून ते नामाआधी बसत नाहीत, पण हे सातवीच्या पोरांना सांगावं का? आणि 'मेन' (मुख्य), 'मिअर' (केवळ) यांचं बरोब्बर उलटं, ते नामाआधीच येतात. नुसतं पाठ करा म्हणायला जिवावर येतं हो.

इथे कोणी इंग्लिशचे शिक्षक असाल तर वर्गात हे कसं घेता ते प्लीज सांगा, वाक्यं, खेळ, तक्ता काहीही चालेल, सहामाही जवळ आलीये.