विसार रविवारी द्यायचाय, त्याआधी तुमचं मत हवंय

अ-३०२: सगळ्यांना नमस्कार. विषय घरगुती आहे, पण सोसायटीच्या ग्रुपवर जाणकार माणसं आहेत म्हणून इथेच टाकतोय. मार्चअखेर मी निवृत्त होतोय. इथला फ्लॅट विकून डोंगरावरच्या एका छोट्या गावात कायमचं राहायला जायचं मनात आहे. उंची साधारण १८०० मीटर. गेल्या वर्षी आम्ही दोघं तिथे आठ दिवस राहून आलो. हवा इतकी सुंदर की पंख्याची आठवणसुद्धा झाली नाही. घर इथल्या निम्म्या किमतीत मिळतंय. उरलेले पैसे ठेवीत टाकले की पेन्शन आणि व्याजावर आरामात भागेल असा हिशेब आहे. हिचे गुडघे दुखतात, मला बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. रविवारी विसार द्यायचाय. काही चुकत असेल तर मोकळेपणाने सांगा.

अ-७०१: अभिनंदन काका! आम्हाला सुट्टीत यायला हक्काचं घर झालं 🙂

ब-५०२: आठ दिवस म्हणजे कुठल्या महिन्यात?

अ-३०२: ऑक्टोबरचा शेवट, काका.

ब-५०२: म्हणजे गाव नटूनथटून बसलेलं असताना तुम्ही बघून आलात. जरा मोठं लिहितो, राग मानू नका. वेधशाळेत माझी तेहतीस वर्षं गेली, त्यामुळे हवेचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

उंचीचा फायदा खरा आहे. हजार मीटर वर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. कोलंबियातलं मेडेलिन विषुववृत्तापासून जवळ असूनही तिथे वर्षभर वसंतासारखी हवा असते, ती दीड हजार मीटर उंचीमुळे. चीनमधल्या कुनमिंगचंही तेच, तिथली उंची साधारण १९०० मीटर. तेव्हा तुमची निवड मुळातून चुकीची आहे असं मी म्हणत नाही.

पण वार्षिक सरासरी बघून गाव निवडू नका. सरासरी २० अंश म्हटलं तर बाराही महिने २० च्या आसपास असू शकतं, किंवा एका मोसमात ३२ आणि दुसऱ्यात ८ असंही असू शकतं. आकडा एकच, जगणं मात्र अगदी वेगळं. मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यात आधी रात्रीचं तापमान विचारलं असतं. सगळ्यात गरम महिन्यात रात्री पारा कुठपर्यंत उतरतो, आणि सगळ्यात थंड महिन्यात कुठपर्यंत. दिवसभर तापलेलं शरीर रात्री सावरतं. रात्रही तापलेली राहिली तर ते सावरायला वेळच मिळत नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक वयस्कर. दिवस तर कडक होतेच, पण रात्रीही घरं निवत नव्हती. वय वाढलं की तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणीही कमी होतं. म्हणून पंचविशीत सोसलेला उन्हाळा सत्तरीत सोसेलच असं धरून चालू नये.

अ-३०२: काका, आम्ही तर थंड ठिकाणी चाललोय. उकाड्याचा प्रश्नच येणार नाही ना?

ब-५०२: मग थंडीचा येतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वर जातं. तुम्ही गोळी घेता, म्हणून मुद्दाम सांगतोय. घराच्या आत किमान १८ अंश तापमान असावं असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शनात म्हटलंय, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहून थोडं जास्तच लागू शकतं. बाहेर ६ अंश असताना आत १८ ठेवायचे तर रोज काहीतरी जाळावं लागणार, मग ती वीज असो, गॅस असो की लाकूड. तो खर्च हिशेबात धरलाय का? आणि घर डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे? उन्हाकडे पाठ असलेल्या उतारावर हिवाळ्यात दोन-तीन तास ऊन मिळालं तरी नशीब. एकाच गावात दोन उतारांवरच्या दोन घरांत राहण्याचा अनुभव पार वेगळा असतो.

अ-३०२: उन्हाचं खरंच पाहिलं नाही. आम्ही गेलो तेव्हा खोली उजेडाने भरलेली होती.

क-१०१: दादा, मी हे आजवर ग्रुपवर कधी लिहिलं नाही, पण तुमचा विसाराचा मेसेज वाचून राहवेना. माझे आईबाबा असेच डोंगरावर राहायला गेले होते. बाबा ६३ चे होते, आई ६० ची. पहिली दोन वर्षं दोघं इतके खुश होते की आम्हीही तिकडेच जायचं बोलत होतो. गाडीरस्त्यापासून घरापर्यंत ८४ पायऱ्या होत्या. बाबा त्या मोजत चढायचे, व्यायाम होतो म्हणायचे. तिसऱ्या पावसाळ्यात त्यांचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण भीती बसली. आधी संध्याकाळचं फिरणं थांबलं, मग आठवड्याचा बाजार आई एकटी करायला लागली, मग बाबा अंगणाच्या कठड्यापर्यंतच यायचे. समोर तोच देखावा, पण त्यांना तो नकोसा झाला होता.

ओल हा दुसरा प्रकार. भिंतीला पाठ टेकवली की सदरा दमट व्हायचा. कपाट उघडलं की कुबट वास. आई बाबांच्या गोळ्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवायची, नाहीतर पाकिटातच मऊ पडायच्या. बाबांना दम्याचा त्रास आधी नव्हता, तिथे सुरू झाला.

आणि ज्या रात्री त्यांना पक्षाघाताचा झटका आला, त्या रात्री रुग्णवाहिका पायऱ्यांच्या खालीच उभी राहिली. शेजारच्या दोन मुलांनी त्यांना खुर्चीवर बसवून खाली उतरवलं. पुढे घाटाचा रस्ता. बाबा वाचले, पण उजवा हात परत आला नाही.

ब-५०२: ताई, हे ठाऊक नव्हतं. मन सुन्न झालं.

क-१०१: काका, म्हणूनच लिहिलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी डोक्याचा स्कॅन काढून. म्हणजे जवळ दवाखाना आहे एवढं पुरत नाही. स्कॅन मशीन आहे का, रात्री ते चालवणारा माणूस असतो का, आणि तुमच्या दारापासून तिथे पावसात पोचायला किती वेळ लागतो, हे तिन्ही विचारा. दलालाला नाही, तिथे दहा वर्षं राहणाऱ्याला विचारा.

अ-३०२: ताई, मनापासून आभार. आमच्या घरालाही रस्त्यापासून पायऱ्या आहेत. मोजल्या नाहीत.

ब-१०३: मीही बोलतो. वय ७६, एकटा राहतो. सगळ्यांनी मिळून ह्यांना घाबरवू नका. इथे राहिलं म्हणजे म्हातारपण सोपं जातं असं थोडंच आहे? माझी सगळी ओळखीची माणसं इथे आहेत म्हणून मी राहिलो, तरी धुरळ्याने खोकला जात नाही आणि रस्ता ओलांडायचा म्हटलं की छाती धडधडते. मनातून जावंसं वाटत असेल तर जावं, आणि अंगात रग असताना जावं. साठीत गेलात तर ओळखी होतात, गाव आपलं होतं. पंच्याहत्तरीत नव्या जागी मुळं धरत नाहीत. मी दहा वर्षं विचारच करत राहिलो, त्याची रुखरुख आहे.

ड-२०४: आजोबांचं पटतंय. दादा, जायला कुणाची ना नाही. मी फक्त पैशांचं सांगते, माझं रोजचं कामच ते आहे.

स्वस्ताईच्या ज्या याद्या फिरतात त्या सरसकट माणसासाठी केलेल्या असतात, त्यात घरभाडं मोठं धरलेलं असतं. तुमचं घर स्वतःचं असणार, मुलं मार्गी लागली, कपडालत्ता कमी होणार. मग उरतं काय? औषधपाणी, घरकामाला आणि पुढे सेवेला लागणारं माणूस, वीज-इंधन, आणि ये-जा. ह्या चार गोष्टी त्या गावात स्वस्त आहेत का ते बघा. लहान डोंगरी गावात घर स्वस्त असतं, पण वर चढवून आणलेली प्रत्येक वस्तू महाग असते आणि हाताशी माणूस मिळत नाही. तपासणीसाठी वर्षातून सहा वेळा खाली यायचं झालं, दर वेळी दोन मुक्काम, तर घरात वाचवलेलं रस्त्यात जातं.

दुसरं, आजचा खर्च बघून ठरवू नका. महागाई ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षांत खर्च दुप्पट. तुम्ही साठीचे, वहिनी त्याहून लहान. २४ वर्षांनी आजच्या शंभराला चारशे लागतील, आणि तेव्हा वहिनी ऐंशीच्या आसपास असतील. ठेवीवरचं सगळं व्याज खाऊन टाकलं तर मुद्दल आहे तेवढंच राहतं आणि त्याची किंमत मात्र झिजत जाते. १९९४ मध्ये विल्यम बेंगेन नावाच्या सल्लागाराने अमेरिकेतल्या जुन्या आकड्यांवरून हिशेब मांडला होता: पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवत न्यायची, तर शेअर आणि रोख्यांत ठेवलेली पुंजी ३० वर्षं टिकते. प्रत्येक देशात तो आकडा लागू पडेल असं नाही, पण पैसा तीस वर्षं पुरवायचाय ही सवय त्याने लावली. नुसत्या ठेवीत सगळं टाकू नका.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. तुम्ही इथला फ्लॅट विकताय. इथले भाव वाढत राहणार, तिथलं घर घ्यायला मोजकीच गिऱ्हाईकं असणार. सात वर्षांनी परत यावंसं वाटलं तर तिथलं विकून इथे एक खोलीही येणार नाही. परतीचे दोर स्वतःच्या हाताने कापू नका.

अ-७०१: मग दोन घरं ठेवली तर? हिवाळ्यात इथे, उन्हाळ्यात तिथे. परदेशात पुष्कळ जण करतात.

ब-५०२: करतात. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये १९६० साली सन सिटी म्हणून निवृत्तांसाठी आख्खी वसाहतच उघडली, कोरड्या उबदार हिवाळ्याच्या आकर्षणावर. कित्येक जण फक्त थंडीपुरते त्या भागात जातात. पण जे बाराही महिने राहतात त्यांचा उन्हाळा बघा. शेजारच्या फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस पारा रोज ४३ च्या वर गेला. साठ वर्षांपूर्वी कुणी अशा हवेचा विचार करून घर घेतलं नसणार. तेव्हा तुम्हीही पुढच्या पंचवीस वर्षांच्या हवेचा विचार करा, मागच्या पंचवीस नाही.

ड-२०४: आणि दोन घरं म्हणजे दोन्हीकडचा देखभाल खर्च, दोन्हीकडचे कर, दोन्हीकडचं गळकं छप्पर. पन्नाशीत जमतं. पुढे सामान बांधणंच नको वाटतं. त्यापेक्षा एक स्वतःचं, दुसरं भाड्याचं. परदेशाचा विचार करणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवा: सरकारी सवलत बघून जागा निवडू नये. पोर्तुगालने २००९ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना करात मोठी सूट दिली, पुष्कळ निवृत्त तिकडे गेले. पुढे नव्याने येणाऱ्यांच्या पेन्शनवर १० टक्के कर बसला आणि २०२४ पासून ती योजना नव्या लोकांसाठी बंदच झाली.

अ-३०२ काकू: मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. हे आत्ता बाजूच्या खोलीत आहेत, त्यांनाही इथेच वाचू दे.

मला ते गाव आवडलंय. सकाळी धुकं वर चढताना बघत मी तासभर उभी असायची, ते खोटं नव्हतं. पण परत येताना त्या पायऱ्या मी कठडा धरून, एकेक पाऊल आडवं टाकत उतरले. हे सामान घेऊन पुढे होते, त्यांना दिसलं नाही. मीही बोलले नाही, कारण किती वर्षांनी ह्यांना असं आनंदात पाहिलं होतं. मला गाडी चालवता येत नाही. ह्यांना काही झालं तर मी तिथे एकटी काय करू, हा प्रश्न मी रोज रात्री गिळत होते. आज ताईंचं वाचलं आणि रडू आलं.

अ-३०२: अगं, मला का नाही सांगितलंस?

अ-३०२ काकू: आता सांगितलं ना.

क-१०१: वहिनी, बरं केलंत. घर निवडताना दोघांपैकी मागे राहील त्याला ते झेपेल का, हेच आधी बघायला हवं. आईने बाबांच्या मागे त्या घरात चार महिने काढले, मग मी तिला घेऊन आले.

अ-३०२: सगळ्यांचे मेसेज दोनदा वाचले. मघाशी त्या घरमालकांना फोन केला. रविवारी विसार देत नाही. तेच घर जुलै-ऑगस्ट आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारी असं भाड्याने द्याल का विचारलं. ते उद्या कळवतो म्हणाले. नाही म्हणाले तर त्याच गावात, पण गाडी दारापर्यंत येईल असं दुसरं शोधू. फ्लॅट वर्षभर विकायचा नाही. डिसेंबरला अजून अवकाश आहे, पण पावसाळा आधी बघायचा हे नक्की. ब-१०३ आजोबा, जायचं मनातून काढलेलं नाही, तुमचंही लक्षात आहे.

ब-१०३: छान. पावसात जा, मग बोलू.

ब-५०२: माझ्याकडे कमाल-किमान तापमापक आहे, जुना पाऱ्याचा. संध्याकाळी वॉचमनकडे ठेवतो. काचेचा आहे, उभाच न्या. झोपायच्या खोलीत उशाशी टांगा, खिडकीशेजारी नको. रोज सकाळी दोन्ही बाजूंचे आकडे वहीत उतरवायचे आणि मग डबीतल्या लोहचुंबकाने दोन्ही दर्शक पाऱ्यापर्यंत ओढून घ्यायचे, नाहीतर कालचाच आकडा दिसेल.

अ-३०२ काकू: वही मी लिहीन काका. आणि पहिल्याच दिवशी पायऱ्या मोजून कळवते.