मदत हवी आहे : एकाच मोटारीवर सौर आणि वीजजोडणी दोन्ही चालवता येतील का?

नमस्कार. रावेर तालुक्यात माझी चार एकर केळी ठिबकवर असून विहिरीवर साडेसात एचपीची मोटार आहे. शेतीची थ्री फेज वीज आम्हाला आठ तास, तीही पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री मिळते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की एक पाळी चुकली तरी पानांच्या कडा करपू लागतात. गेल्या उन्हाळ्यात डीपी (शेतीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जळाली, तेव्हा नऊ दिवस भाड्याच्या डिझेल जनरेटरवर बाग जगवली. तो हिशेब वहीत आहे, पण ते पान उघडवत नाही. शेजारच्या भुसावळ तालुक्यात दीपनगरला कोळशावर ५०० मेगावॅटचे संच चालतात, तरी आमच्या बांधावर भरवसा शेवटी डिझेलचाच, हे खटकते.

आता स्वखर्चाने सौर पॅनेल बसवावेत, पण वीजजोडणी सोडू नये, असा विचार आहे. ज्यांनी एकाच मोटारीवर दोन्ही चालवले आहे, त्यांनी कृपया सांगावे : कंट्रोलर कोणता घ्यावा, आणि ढगाळ दिवशी शेवटच्या नळीपर्यंत ठिबकचा दाब टिकतो का?