स्पोर्टी गाडीला ऑल सीझन परफॉर्मन्स टायर घ्यावे का? (नागपूरचं ऊन + समृद्धी)

मनीषनगर_जीटी

राम राम मंडळी, पंधरा दिवसांपासून टायरच्याच मागे लागून आहो आणि जेवढं वाचून राहिलो तेवढा गोंधळ वाढून राहिला, जरा मदत करा. गाडी व्हर्टस जीटी, २०२२ ची, दीड लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) डीएसजी (ऑटोमॅटिक गिअर). म्हणजे १५० पीएस, २५० न्यूटन मीटर आणि सगळा जोर पुढच्या दोन चाकांवर. साइज २०५/५५ आर१६ (२०५ मिमी रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या ५५ टक्के, १६ इंची रिम). ४३ हजार किमी झाले, पुढचे दोन टायर जवळपास संपले आहेत, मागचे बरे आहेत पण मला चारही बदलायचे आहेत.

वापर असा आहे की रोज मनीषनगर ते मिहान, महिना दीड महिन्यातून एकदा समृद्धीनं पुण्याला बहिणीकडे (संभाजीनगरपर्यंत समृद्धी, पुढे अहिल्यानगरवरून), आणि पावसाळ्यात पचमढी नाहीतर चिखलदरा पक्का. गाडी मी जोरात चालवतो पण वेड्यासारखी नाही, वळणावर गाडी हातात राहिली पाहिजे आणि पावसात ब्रेक लागला पाहिजे एवढंच मागणं आहे.

माझा मावसभाऊ शिकागोला असतो, तो म्हणतो अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल सीझन घे, मिशलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ किंवा कॉन्टिनेन्टलचा डीडब्ल्यूएस०६ प्लस, बाराही महिने चिंता नाही. इथं दुकानात विचारलं तर म्हणे भाऊ आपल्याकडचे सगळेच टायर ऑल सीझन असतात. दोघांपैकी कोण बरोबर? बजेट चारही मिळून ४० ते ४५ हजार. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू व्हायच्या आत बदलायचे आहेत.

ऑरेंज_टॉर्क

भाऊ ते डीडब्ल्यूएस म्हणजे ड्राय, वेट, स्नो. टायरच्या नक्षीवर ही तीन अक्षरं कोरलेली असतात, टायर घासत गेला की आधी एस मिटतो, म्हणजे आता बर्फात भरवसा ठेवू नको. तुला नागपुरात एस कशाला पाहिजे 😀 मावसभावाचं त्याच्या गावासाठी बरोबरच आहे, शिकागोत बर्फ पडतो.

वाडीचे_काका

बेटा, तीस वर्षं टायरच्या धंद्यात घातली आहेत, आता दुकान मुलगा बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

पहिले हे समजून घे की ऑल सीझन हा शब्द थंड देशातून आला आहे. तिकडे उन्हाळ्याचा टायर वेगळा, हिवाळ्याचा वेगळा, आणि दोन सेट ठेवायचा खर्च नको म्हणून मधला एक काढला तो ऑल सीझन. साधारण ७ अंशाच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड सुटते, म्हणून ऑल सीझनचं रबर असं बनवतात की थंडीतही ते मऊ राहील, आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा खूप देतात, त्या चिरा बर्फाला धरतात. आता आपल्या नागपूरचं बघ. २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ वर गेला होता, पण अशा पहाटा वर्षातून किती, आणि त्या वेळी रस्त्यावर बर्फ तर नाहीच. उलट मे महिन्यात हवाच ४५-४६ असते आणि दुपारचा रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो, अनवाणी पाय ठेवून बघ. अशा रस्त्यावर ते मऊ रबर आणि चिरा पडलेले ठोकळे वळणावर हलतात, स्टीअरिंग फिरवलं की गाडी एक क्षण उशिरा ऐकते, टायर जास्त तापतो आणि लवकर घासतो. म्हणजे बर्फासाठी जे दिलं त्याची किंमत तू उन्हात मोजशील, आणि बर्फ तर आयुष्यात दिसणार नाही.

दुकानदार म्हणतो ते अर्धं खरं आहे. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक टायर ऊन आणि पाऊस या दोन ऋतूंसाठीच बनलेले असतात, तिकडच्या भाषेत ते उन्हाळीच. आपले सगळे सीझन त्यात येऊन जातात म्हणून इथं त्यालाच ऑल सीझन म्हणतात. कधी कधी टायरवर एम+एस (मड + स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं दिसेल, त्यानं हुरळून जाऊ नको, ते मुख्यतः नक्षीबद्दलचं कंपनीचं म्हणणं असतं. डोंगराच्या तीन शिखरांत बर्फाची पाकळी असं चिन्ह असेल तोच बर्फात तपासून पास झालेला टायर, आणि तो तुला नकोच आहे.

आता दुसरी गोष्ट. तुझा मावसभाऊ सांगतो ते टायर इथं सहज मिळणारच नाहीत. जून २०२० मध्ये केंद्रानं टायरची आयात प्रतिबंधित यादीत टाकली, तेव्हापासून बाहेरून आणायला परवाना लागतो, वर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का हवा. कोणी म्हणालाच की मी आणून देतो तर शिक्का बघ आणि पक्कं बिल माग. आणि एका टायरला फुगा आला तर तसाच जोडीचा दुसरा कुठून आणशील, हाही विचार कर. प्रवासात अडकलेला माणूस टायर शोधत फिरतो तेव्हा त्याचे हाल काय होतात ते मी खूपदा पाहिलं आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. ऑल सीझन हा शब्द विसर, ओल्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागणारा आणि बाजूची भिंत जरा ताठ असलेला उन्हाळी टायर घे. ओरिजिनल टायरवर काय छापलं आहे ते बघ, ९१व्ही असेल तर ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो आणि व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंत. एच म्हणजे २१०, डब्ल्यू म्हणजे २७०. वरचं चालेल, खालचं घेऊ नको, मग कोणी कितीही स्वस्त देवो. तुला २४० नं जायचं नाही हे मला कळतं, पण वेगाची पायरी म्हणजे उष्णता सहन करायची ताकद, आणि आपल्या इथं तीच लागते.

धरमपेठ_ड्राइव्ह

काकांनी लिहिलंय त्यात माझा अनुभव जोडते. माझी स्लाव्हिया आहे, साइज तुझीच. मागच्या जुलैत पचमढीहून परत येताना सौसरच्या पुढे असा पाऊस आला की वायपर फुल स्पीडला ठेवूनही समोरचा ट्रक दिसेना. रस्त्यावर एका जागी पाणी साचलं होतं ते मला दिसलंच नाही, गाडी त्यावर गेली आणि स्टीअरिंग एकदम हलकं झालं, हातात काहीच नाही असं, दीड-दोन सेकंदच असेल पण मागे आई बसली होती आणि त्या दोन सेकंदांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मी आजही कोणाला सांगितलं नाही. वेग ८० च्या आतच होता. घरी येऊन नक्षी मोजली तर पुढचे टायर २ मिमीच्या जवळ होते. कायद्यानं १.६ मिमीपर्यंत चालतात म्हणून मी दिवाळीपर्यंत ढकलत होते. कायद्यानं चालतात आणि पावसात चालतात यात फार अंतर आहे हे तेव्हा कळलं, खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकायला जागाच राहत नाही.

तेव्हापासून माझा नियम, ३ मिमी झाले की पावसाळ्याच्या आधी बदलायचे. त्यामुळे तू जूनच्या आधी बदलून राहिला हे एकदम बरोबर. आणि बजेटमुळे दोनच घ्यायची वेळ आली तर नवे दोन मागे लावायचे, पुढे नाही. पुढची चाकं ओढतात म्हणून सगळे नवे पुढेच लावतात, पण ओल्या वळणावर मागची बाजू सुटली तर गाडी फिरते आणि ती आपल्यासारख्याला सावरत नाही. पुढची सुटली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा परत हातात येते.

टीएसआय_पोट्टा

मी तर म्हणतो १७ इंचाचे अलॉय टाक ना भाऊ, २२५ चे रुंद टायर, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. दिसतेही कडक.

वाडीचे_काका

चिकटेल, कोरड्या रस्त्यावर. पावसात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं म्हणून तो लवकर तरंगतो, आत्ताच ताईनं काय लिहिलं ते वाच. शिवाय १७ इंच म्हणजे बाजूची भिंत बुटकी, आणि आपल्या गल्लीबोळात सिमेंट रोडची कड आणि डांबर यांच्यामध्ये जी पायरी असते तिथं धाडकन आदळलं की भिंतीला फुगा येतो. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले, त्याची दुरुस्ती नसते, टायर फेकायचाच. करायचंच असेल तर २०५/५० आर१७ बसतो, व्यास ओरिजिनलपेक्षा जेमतेम ५ मिमीनं जास्त येतो म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही, पण त्यात लोड इंडेक्स (वर सांगितला तो वजनाचा आकडा) ९१ च्या खाली नाही ना ते बघून घे. माझा सल्ला १६ च ठेव आणि वाचलेले पैसे चांगल्या रबरात घाल.

मनीषनगर_जीटी

काका, ताई, खूप आभार, एवढं कोणी दुकानात सांगत नाही. १६ च ठेवतो. दुकानात चार पर्याय दाखवले, मिशलिन प्रायमसी ४ एसटी, कॉन्टिनेन्टल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६, योकोहामा ब्लूअर्थ जीटी आणि व्रेडेस्टाइन अल्ट्रॅक. एकाचा ट्रेडवेअर नंबर मोठा आहे म्हणून दुकानदार तोच घ्या म्हणून राहिला. आणि समृद्धीवर टायर फुटतात त्याचं काय, नायट्रोजन भरला की फुटत नाही म्हणतात ते खरं आहे का?

ऑरेंज_टॉर्क

ट्रेडवेअरच्या नादी लागू नको भाऊ. तो नंबर अमेरिकेतल्या पद्धतीचा आहे, १०० चा एक ठरलेला टायर धरून त्याच्या तुलनेत आपला टायर किती टिकेल याचा अंदाज, आणि ते ग्रेड कंपनीच स्वतः देते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये बघायला ठीक, दोन कंपन्यांमध्ये तुलना करायला फारसा कामाचा नाही. आणि साधारण नियम असा की नंबर जितका मोठा तितकं रबर कडक, पकड कमी. त्याच्या बाजूला ट्रॅक्शनचं ग्रेड असतं एए, ए, बी, सी, ते मात्र बघ, फक्त लक्षात ठेव की ते सरळ रेषेत ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचं आहे, वळणाचं नाही. टेम्परेचर ग्रेड ए सोडून दुसरं घेऊच नको.

चारपैकी म्हणशील तर प्रायमसी आणि ब्लूअर्थ जीटी आरामाकडे झुकणारे, यूसी६ मधला, अल्ट्रॅक जरा स्पोर्टी. व्रेडेस्टाइन ही मूळ डच कंपनी, अपोलोनं २००९ मध्ये घेतली. तू जसा चालवतो त्यावरून मी यूसी६ किंवा अल्ट्रॅक म्हणेन. चारही नाव असलेले टायर आहेत.

वाडीचे_काका

समृद्धीचं सांगतो. रस्ता सिमेंटचा, सरळ, कारला १२० ची परवानगी, माणूस दोन-दोन तास एकाच वेगानं जातो. टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा हवा कमी असणं, टायर जुना असणं किंवा भिंतीला आधीच मार लागलेला असणं हेच निघतं. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेरीला वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि ही उष्णता तासभर साठत गेली की आतले थर सुटतात. लोक समजतात उन्हात हवा फुगते म्हणून टायर फुटतो, म्हणून निघायच्या आधीच हवा कमी करून घेतात. हे उलटं आहे बेटा, असं करू नको. १० अंश तापमान वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो, टायर बनवताना तो हिशेब धरलेला असतो. सकाळी टायर थंड असताना स्टिकरवर लिहिली तेवढी हवा भर. स्टिकर पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर सापडेल, पूर्ण गाडी भरून जाणार असशील तर त्यात वेगळा आकडा दिलेला असतो, तो घे. आणि वाटेत थांबून तापलेल्या टायरची हवा कधीच सोडू नको.

नायट्रोजन वाईट नाही, कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. नायट्रोजन भरला म्हणून तीन महिने दाब न बघणारे लोक मी पाहिले आहेत, त्यापेक्षा साधी हवा दर पंधरा दिवसांनी तपासलेली बरी. २०२३ मध्ये समृद्धीच्या एन्ट्रीवर आरटीओनं टायर तपासून घासलेल्या गाड्या परत पाठवल्या होत्या, तेव्हा लोक चिडले होते, मला तर वाटतं ते रोज व्हावं.

मनीषनगर_जीटी

अपडेट. यूसी६ घ्यायचं ठरवलं. पण पहिल्या दुकानानं जे टायर काढले त्यावर ०९२२ लिहिलं आहे, म्हणे नवे आहेत, वापरलेले नाहीत, वर दोन हजार कमी करतो. घेऊ का?

धरमपेठ_ड्राइव्ह

अरे नको! पहिले दोन अंक आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ०९२२ म्हणजे २०२२ चा नववा आठवडा, तुझ्या गाडीपेक्षाही जुने. नागपुरातल्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये इतके उन्हाळे काढलेलं रबर दोन हजारांसाठी घेऊ नको. शेवटचे दोन अंक २५ किंवा २६ पाहिजेत, चारही टायरवर स्वतः वाकून बघ.

वाडीचे_काका

ताई बरोबर बोलली. बसवून झाले की अलायनमेंट आणि बॅलन्सिंग तुझ्या समोर करून घे, जुने पुढचे टायर आतल्या कडेला जास्त घासले असतील तर अलायनमेंट आधीच बिघडलेलं आहे असं समज आणि त्यांना ते दाखव. पहिले तीनशे किमी आरामात चालव, नव्या टायरवर साच्यातला निसरडा थर असतो तो गेल्याशिवाय पूर्ण पकड येत नाही.

मनीषनगर_जीटी

काल बसवले, दुसऱ्या दुकानातून, चारही ४८२५. काकांनी म्हटलं तसंच निघालं, जुन्या टायरची आतली कड पार गुळगुळीत, बाहेरून दिसतच नव्हती. अलायनमेंटचा कागद घेऊन ठेवला. आज सकाळी सहाला थंड टायरवर हवा तपासली, एकात ४ पीएसआय कमी होती, भरून घेतली. रविवारी पहाटे पुण्याला निघतो, या वेळी १०० च्या आत.