शाळेत सगळ्यांच्या दप्तरांची झडती : तुम्हाला पटते का?

आठवीची आई, विश्रामबाग (सांगली)
मुलीच्या शाळेत प्रार्थना झाल्याबरोबर आठवी ते दहावीच्या सगळ्या वर्गांची दप्तरं तपासली. मुलांच्या स्वच्छतागृहात माव्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पुड्या आणि एक कटर सापडला होता. कारण खरंच गंभीर होतं. पण दप्तरं बाकावर उलटी करायला लावली आणि माझ्या मुलीचे पॅड सगळ्या वर्गासमोर पडले. एका मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. ज्यांच्याकडे मोबाइल निघाले त्यांना लॉक उघडायला लावून आतले फोटो बघितले. शाळेत मोबाइल आणायचा नाही हे मान्य. जप्त करा, पालकांना बोलवा. पण आतले फोटो बघायचा काय संबंध? मुलगी आता पाळीच्या दिवसांत शाळेला जाणार नाही म्हणते.
ज्याच्यावर संशय आहे त्याला बाजूला घेऊन विचारा. अख्ख्या वर्गाला आरोपी का करता?

खडू-फळा, माध्यमिक शिक्षक, मिरज तालुका
ताई, पॅडचं आणि वहीचं झालं ते वाईटच झालं. तरीही झडती सगळ्यांचीच व्हावी असं माझं ठाम मत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादला आठवीतल्या मुलानं दहावीतल्या मुलावर वार केला, तो मुलगा वाचला नाही. आपल्या जिल्ह्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुपवाडला आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे इथं कोट्यवधींचं एमडी (मेफेड्रोन) ड्रग पकडलं गेलं. शाळेत काही घडलं तर पहिला जाब आम्हालाच विचारणार, आणि विचारायलाच हवा.
आता 'ज्याच्यावर संशय त्यालाच' याचं वर्गात काय होतं ते सांगतो. शिक्षकाची नजर पहिल्यांदा मागच्या बाकाकडे जाते. ऊसतोड कामगाराच्या पोराकडे, झोपडपट्टीतल्या पोराकडे. डॉक्टरांच्या मुलाकडे जात नाही. स्टाफरूममध्ये हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. मग त्या पोराचा बाप येऊन विचारतो, 'आमच्याच पोराला का?' त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नसतं. सगळ्यांची दप्तरं बघितली की कुणा एकाच्या कपाळावर शिक्का बसत नाही.

काळा कोट, सातारा
सर, तुमच्या मुद्द्यात वजन आहे. पण त्यावर उपाय म्हणजे संशयाचं कारण झडतीआधी लिहून ठेवणं. लिहायचं म्हटलं की 'मागच्या बाकावर बसतो' असं कुणी लिहू शकत नाही. 'दोन मुलांनी त्याच्या हातात कटर पाहिला' असं काहीतरी लिहावं लागतं.
२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. शाळेच्या फाटकातून आत गेलं म्हणून तो संपत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३ मध्येही मुलांच्या खासगीपणाचं तत्त्व आहे. पण शाळेनं झडती कशी घ्यावी हे ठरवून देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून जो तो आपापल्या मनानं करतो.
अमेरिकेत या वादावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८५ मध्येच आला. न्यू जर्सीतली १४ वर्षांची मुलगी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली, शाळेनं तिची पर्स तपासली. न्यायालय म्हणालं, शाळेला वॉरंट लागत नाही, पण संशयाला वाजवी कारण हवं आणि झडती त्या कारणापुरतीच हवी. पुढे २००९ मध्ये, वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून १३ वर्षांच्या मुलीची अंतर्वस्त्रांपर्यंत झालेली झडती त्याच न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली. हे निकाल आपल्याला बंधनकारक नाहीत, पण विचार घेण्यासारखा आहे. मर्यादा आखलेली नसली की काय होतं ते जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला दिसलं. शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना कपडे काढायला लावून तपासलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली, पण त्या मुलींचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

माधवनगरचा बाप
वकीलसाहेब, कायदा ऐकला, आता माझं ऐका. माझा पोरगा नववीत आहे. असल्याच तपासणीत त्याच्या कंपासपेटीत मावा निघाला. तोंड नीट उघडत नव्हतं, आम्ही समजायचो दाढ दुखतीय. वर्गात पहिल्या पाचातला पोरगा, त्याच्यावर कुणी संशय घेतला असता? तुमच्या वहीत त्याचं नाव कधीच आलं नसतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. माझ्या पोराचं तोंड वाचलं ते सगळ्यांची दप्तरं उघडली म्हणून.

दहावी ब
मी विद्यार्थी आहे. काका, तुमच्या मुलाचं चांगलं झालं. पण आता मावा आणणारे दप्तरात ठेवत नाहीत. सॉक्समध्ये, सायकलच्या सीटखाली ठेवतात, नाहीतर सहावीतल्या पोरांकडे सांभाळायला देतात. आमच्याही शाळेत कटर सापडला होता, तो कुणी आणला ते वर्गात बऱ्याच जणांना माहीत होतं. एक जण पीटीच्या सरांना सांगणारही होता. झडतीत त्याचीच चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली. त्यानंतर तो म्हणाला, आता मी कुणाला काही सांगणार नाही. कटर आणणारा अजून वर्गात आहे.
आणि मावा मिळतो ती टपरी गेटच्या समोर आहे. तिची झडती कोण घेणार?

खडू-फळा
बाळा, सहावीतल्या पोरांचं लिहिलंस ते बरं केलंस, हे आम्हाला माहीतच नव्हतं. तुझ्या मित्रानं सरांना सांगितलं असतं तर झडतीची गरजच पडली नसती, हे मान्य. पण सगळीच मुलं सांगत नाहीत, आणि न सांगणाऱ्यांच्या हातात कटर असतो. त्यामुळे सरसकट तपासणी मी सोडणार नाही. मोबाइल उघडणं, वह्या-चिठ्ठ्या वाचणं मात्र बंद व्हायला हवं, आमच्या शाळेत मी ते बोलेन.

आठवीची आई
शिक्षक-पालक संघाच्या सभेत मी हे मांडणार आहे : झडतीआधी कारण लेखी. दप्तर वेगळ्या खोलीत, एकेकाचं. मुलींचं बाईंनीच बघायचं, आणि मुलींची छोटी पिशवी उघडायची नाही. काही सापडलं तर फक्त त्या मुलाच्या पालकांना सांगायचं. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ पासून प्रत्येक शाळेत असायला हवी, आमच्याकडे तिची बैठक कधी झाली तेही विचारणार आहे.

खडू-फळा
बाकी सगळं ठीक. पण छोटी पिशवी उघडायची नाही असं ठरलं तर उद्यापासून कटर तिथंच जाईल. बाईंनी दार लावून उघडावी, पण उघडावी.

आठवीची आई
लेखी कारण असेल तर उघडा. एरवी नाही. यावर आपलं जमणार नाही, सर.
टपरीचं पत्र आजच लिहिते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. एक प्रत महापालिकेला, एक पोलीस ठाण्याला. सही कोण कोण करणार?

माधवनगरचा बाप
माझी धरा. झडतीच्या बाबतीत मात्र मी सरांच्या बाजूचा.