मदत हवी आहे: एमबीबीएस फर्स्ट इयरला अवांतर वाचन परत कसं सुरू करू? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

मी फर्स्ट इयर एमबीबीएसला आहे, कोल्हापुरात. हॉस्टेलला राहते, गाव गडहिंग्लजकडचं. आधीच सांगते, "अभ्यास कसा करू" हा प्रश्न नाहीये, त्यासाठी सीनियर्स आहेत, टेलिग्राम ग्रुप आहेत आणि "अगं झालं का तुझं अप्पर लिंब" (ॲनाटॉमीतला हाताचा भाग) म्हणून डोकं खाणारी रूममेट आहे. प्रश्न वाचनाचा आहे, म्हणजे आपलं नुसतं मजेसाठीचं वाचन.

झालंय असं की मला पुस्तक वाचताच येईना झालंय. वेळ मिळत नाही असं सगळे म्हणतात पण ते अर्धंच खरं. सकाळी लेक्चर, मग डिसेक्शन म्हणजे मृतदेहाची चिरफाड, दुपारी फिजिऑलॉजी नाहीतर बायोकेमचं प्रॅक्टिकल, त्यात थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के अटेंडन्स लागतो म्हणजे दांडीची सोय नाही, पण तरी रात्री मेसमधून आल्यावर अर्धा पाऊण तास असतोच की, रील बघायला तो बरोबर सापडतो. पुस्तक उघडलं की मात्र डोकं आपोआप अभ्यासाला लागतं. कादंबरी वाचताना हातात पेन्सिल असते माझ्या! घरात आठ भावंडं आहेत असं वाक्य आलं की मनगटाच्या आठ हाडांसारखी ती ओळीनं पाठ करायला लागते, निमोनिकसकट, म्हणजे पाठांतराच्या युक्तीसकट. पान संपलं की डोळे मिटून आठवून बघते काय काय होतं ते, आणि एखादं नाव आठवलं नाही तर चक्क टेन्शन येतं की वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हेच विचारलं तर? हसू नका, रूममेट हसून झालीये.

नीटच्या वर्षात सुद्धा असं नव्हतं हो. गावच्या वाचनालयातनं पुस्तकं आणायचे, फिजिक्सचा चॅप्टर झाला की बक्षीस म्हणून दोन प्रकरणं. आता ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नसांचं जाळं) झाला की बक्षीस म्हणून झोप.

अजून एक. कुणालाही सांगितलं की हमखास एखाद्या डॉक्टरचं आत्मचरित्र सुचवतात. ॲडमिशन झाल्यावर नातेवाईकांकडून हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमटेंचंच पुस्तक एकापेक्षा जास्त जणांनी भेट दिलं. आदर आहेच, पण डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मलिननं डोळे चुरचुरून आल्यावर, हाताचा वास साबणानंसुद्धा जात नसताना, रात्री परत पेशंट आणि दवाखानाच वाचायचा का? मला दवाखाना नसलेलं काहीतरी द्या. मराठीच हवं, इंग्रजी दिवसभर असतंच. आणि ही पेन्सिलची सवय कशी मोडायची, कुणाचं असं झालं होतं का, तेपण सांगा प्लीज.

झोपाळू_पाटील: झोप काढ. पार्ट कम्प्लिशन (शरीराचा एक भाग शिकून झाला की होणारी परीक्षा) झालं की वाच. पुस्तक कुठं पळून जात नाही.

कोल्हापुरी_इंटर्न: वरच्यांचं ऐकू नकोस, पार्ट कम्प्लिशन झालं की इंटर्नल येते, इंटर्नल झाली की प्रिलिम, हे काय संपत नसतंय. माझंपण सेम झालेलं. ॲनाटॉमीत कुठल्याही ओळीवर प्रश्न येऊ शकतो, कुठली नस कुठल्या भोकातनं गेली ते सुद्धा सोडता येत नाही, मग डोक्याला तीच सवय लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मला दोन गोष्टींनी फरक पडला. एक म्हणजे आधी वाचलेलंच पुस्तक परत वाचायला घेतलं. गोष्ट माहितीच असते त्यामुळे लक्षात ठेवायला काही उरतच नाही, मग निवांत भाषेची मजा घेता येते. नवीन पुस्तक नंतर. आणि दुसरं म्हणजे लायब्ररीचं पुस्तक आण, स्वतःचं नको. त्यावर रेघ मारायची नसते हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं बघ, पेन्सिल आपोआप खाली राहते. स्टडी टेबलवर तर अजिबात वाचू नकोस, तिथं बसलं की मेंदू हाडंच मोजतो.

कोल्हापुरात असून करवीर नगर वाचन मंदिर माहीत नसेल तर कमाल आहे. १८५० पासूनची लायब्ररी आहे, भवानी मंडपाजवळ. आत्ता शेंडा पार्कातल्या कॉलेजातनं यायचा कंटाळा येईल, मान्य, पण रविवारी अंबाबाईला जाताना जमतंय. पुढं क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालं की सीपीआर हॉस्पिटलमधनं चालत जाशील.

संध्या_मावशी: अगं पोरी, कादंबरीच्या नादी आत्ता लागूच नको. कथा वाच. एका बैठकीत संपते, मध्ये सोडून आठवत बसायचं काम नाही. आणि तुझ्याच जिल्ह्यातले शंकर पाटील, पट्टणकोडोलीचे, त्यांची कथा वाचून बघ, त्यात तुला घरची बोली भेटेल, गावाकडची माणसं भेटतील, दवाखाना फारसा नाही! मी तर म्हणते रूममेटला मोठ्यानं वाचून दाखव, हसली तर तिचंपण अप्पर लिंब बाजूला राहील. माझी मुलगी फिजिओथेरपीला होती तेव्हा आमच्याकडं रात्री जेवताना हेच चालायचं.

बाकी डॉक्टरांचं नको म्हणालीस तरी एक सांगतेच. रशियन चेकॉव्ह मॉस्कोला १८७९ ते १८८४ मेडिकल शिकत होता आणि त्याच काळात मासिकांना छोट्या विनोदी गोष्टी लिहून घर चालवत होता. त्या मराठीत आल्यात. लिहिणाऱ्याला वेळ मिळाला तर वाचणारीला मिळेल की.

रंकाळाप्रेमी: ऑडिओबुक लाव सरळ, संध्याकाळी चालता चालता ऐकायचं. कानात पेन्सिल धरता येत नाही.

कोल्हापुरी_इंटर्न: ऑडिओनं मला तर तिसऱ्या मिनिटाला झोप लागते. पण झोपाळू पाटलांना चालेल.

धागाकर्ती: मावशी, शंकर पाटलांचं नक्की करते, आमच्या आजोबांकडं त्यांचे जुने कथासंग्रह होते, या सुट्टीत माळा उपसते. झोपाळूदादा, तुमचा सल्ला रोज पाळतेच आहे 😅

इंटर्नदादा, परत वाचायची आयडिया लई भारी, ती डोक्यातच आली नव्हती. वाचन मंदिर बाहेरून बघितलंय, आत कधी गेले नाही. येत्या रविवारी जाते. मेंबर व्हायला कॉलेजचं आयकार्ड चालतं का कोल्हापूरचा पत्ताच लागतो? माझ्या आधारवर गडहिंग्लज आहे. आणि रविवारी पुस्तकं बदलून मिळतात का? तुमच्यापैकी कुणी सध्या मेंबर असेल तर सांगा, फेरी फुकट जायला नको.